चोवीस दिव्यांचा आराखडा

३ मे, रविवार
मधली भिंत पाडली. दोन कोंदट खोल्यांची मिळून एक मोठी बेडरूम झाली. वर फॉल्स सीलिंग होणार आणि त्यात गोल लाईट बसणार. ते कुठे बसवायचे हे मी ठरवणार. बाबा स्वतःहून म्हणाले नाहीत, पण मी म्हटल्यावर नाहीही म्हणाले नाहीत. घरातली पहिली पदवीधर आहे, एवढा तरी उपयोग व्हावा.
संकल्प: या खोलीत ट्यूब नको. ट्यूब म्हणजे हुकूमशाही. एका भिंतीवर ठाण मांडायचं आणि अख्ख्या खोलीवर पांढरं राज्य करायचं. राज्यशास्त्र घेऊन तीन वर्षं शिकले ती हे बघत बसायला नाही.

४ मे
आईची मागणी एकच. शिलाई मशीनवर उजेड पडला पाहिजे. दिवसा ती पाळणाघरात कामाला जाते, शिवते ती संध्याकाळीच. शाळेच्या चाळीस गणवेशांची ऑर्डर आहे, एक जूनला द्यायची. गडद निळं कापड, निळाच दोरा, टाका दिसत नाही म्हणते. मी समजावलं की प्रकाश कोणा एकाचा नसतो, सर्वांचा असतो. ती म्हणाली, असेल बाई, पण सुई माझ्याच बोटात जाते.
दृष्टिकोन संकुचित. दोष तिचा नाही, व्यवस्थेचा आहे.

६ मे, दुपारी
आराखडा तयार. रिकाम्या खोलीत चटई टाकून उताणी झोपले, कागद तोंडासमोर धरला आणि छत दिसतं तसं काढलं. असं प्रत्यक्ष निरीक्षण कोण करतं आजकाल? एकूण चोवीस दिवे. वीस मंद, अगदी समान अंतरावर. चार प्रखर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे आईची मशीन असते तिथे. ही विशेष तरतूद. दुर्बल घटकांसाठी करावी लागते.
दरवाजा तेवढा दाखवला. खिडकी आणि भिंतीतलं कपाट दाखवलं नाही. कागद सुटसुटीत दिसतो.

९ मे, शनिवार
वायरमन आला. कागद तीनदा फिरवून बघितला आणि विचारलं, ताई, हे खालून बघून काढलंय का वरून? छत वरून कोण बघतं, कावळे? मी नुसती हसले. मग म्हणे, खिडकी कुठल्या हाताला धरू? मी सांगितलं, दरवाजाची बाजू दरवाजाकडे धरा, बाकी आहे तसंच उतरवा, डोकं चालवू नका. बरं म्हणाला.
या लोकांना विचार करायची सवयच नाही. कामगारांच्या शिक्षणावर लेख लिहायला हवा.

१४ मे
आत्या येऊन गेली. छताला पडलेली भोकं बघून म्हणाली, एवढी चाळणी कशाला गं, गहू चाळायचेत का? मग आईकडे वळून म्हणाली, वहिनी, हिला शिकवलंत ते बरं केलंत, नाहीतर एका ट्यूबवर भागलं असतं.
अशा पातळीवर मी उतरत नाही. लेखाची दोन वाक्यं झाली.

१७ मे, रविवार. संध्याकाळी
लाईट लागले. चारही प्रखर दिवे समोरच्या भिंतीतल्या कपाटाच्या तोंडाशी. कपाट दागिन्यांच्या दुकानासारखं झळाळतंय. मशीनच्या कोपऱ्यात मंद दोन.
वायरमनचं म्हणणं, उताणं झोपून काढलेला कागद जमिनीवर ठेवला की डाव्याचं उजवं होतं, म्हणून तर विचारत होतो ताई. मग नीट ठासून विचारायचं होतं. जबाबदारीची जाणीव नाही.
बाबांनी विचारलं, भोकं बुजवता येतात का. येतात, पण छतवाला आता जून संपता संपता मोकळा होणार.

१९ मे
मार्ग सापडला. दिवा माणसाकडे येत नसेल तर माणसाने दिव्याकडे जावं. मशीन कपाटासमोर नेली. म्हणजे आराखडा मुळात बरोबरच होता. फर्निचर चुकीचं होतं.

२२ मे
मशीन आहे तोवर कपाट उघडत नाही. बाबांनी तीन दिवस एकच शर्ट घातला. आज म्हणाले, ऑफिसात विचारतात, घरी सगळं ठीक ना. पुरुषांना कपड्यांचं फार.
आई कपाटाकडे पाठ करून बसली तर उजेड मागून येतो आणि तिच्याच डोक्याची सावली सुईवर पडते. तोंड करून बसली तर कपाटाचं चकचकीत दार डोळ्यांत मारतं. मी म्हटलं, आडवी बस. बारा गणवेश झालेत.

२५ मे, सोमवार
सुई आईच्या बोटात गेली. डाव्या हाताच्या. उजवा ठीक आहे, मी लगेच तपासलं.
तिने वीस गणवेशांचं कापड पलीकडच्या गल्लीतल्या शिलाईवालीला दिलं. मला न विचारता. तिच्याकडे मशीनवर साधा लोंबता बल्ब आहे, मागासलेला प्रकार. तरी याला सहकार म्हणता येईल.

१ जून, सोमवार
गणवेश गेले. शिलाईवालीचे वीस परवाच पोचले होते, आईचे आज, आणि त्यातल्या तीन सदऱ्यांचे खिसे वाकडे. शाळेने पुढच्या वर्षीची सगळी ऑर्डर शिलाईवालीला दिली. सात वर्षं आईकडे होती.
मी खुलासा तयार ठेवला होता, चार मुद्द्यांचा. कोणी मागितला नाही.
संध्याकाळी आईला काम नव्हतं. कॉटवर पडून छताकडे बघत होती. म्हणाली, डोळ्यांवर येतंय गं, यातले निम्मे बंद होतात का?
होत नाहीत. समानतेच्या तत्त्वावर चोवीसच्या चोवीस मी एकाच बटणावर घेतले आहेत.
उठले आणि बटण बंद केलं. आई म्हणाली, हां, आता बरं वाटतंय.