पस्तीस मिनिटं पुढे

डावा हात मोकळा नाही. त्यात टायमरचं झाकण आहे, दातांत दोन स्क्रू आहेत, तिसरा बादलीत पडला आहे, आणि उजव्या हाताने वॉशिंग मशीनवर कागद ठेवून मी हे लिहीत आहे. (मेन स्विच बंद केला आहे. तुम्ही वायरमन, हे आधी विचाराल.)

तर तीर्थरूप दादा, मेहुण्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकत असेल तर आनंद आहे. वाकत नसेल तर निदान दुखत नसावा. इकडे तुमची बहीण ठीक आहे. तुमच्या आई ठीक नाहीत. त्या उद्या सकाळी सातच्या बसने तुमच्याकडे येत आहेत. तिकीट काढलं आहे, पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. कारण एकच: मी गीझरला बसवलेला टायमर.

मागच्या खेपेला तुम्ही टायमर आणून दिलात आणि बसवूनही देत होतात. दोन स्क्रूंसाठी वायरमन कशाला, असं मीच म्हणालो. ते शब्द मी परत घेतो. पण खरं सांगायचं तर बसवण्यात चूक झाली नाही. गोल तबकडी, भोवती पिना, एक पीन म्हणजे पाव तास. मी फोनमध्ये पाहून अचूक वेळ लावली आणि साडेपाच ते सहाच्या दोन पिना दाबल्या. सहाला आईंची अंघोळ, म्हणजे पाणी तयार. आमच्या घरात अचूक वेळ कोणी वापरत नाही, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही. हॉलमधलं घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे आहे. (पंधरा माझ्या ऑफिससाठी, दहा तुमच्या बहिणीच्या शाळेसाठी, उरलेली दहा कशासाठी ते आता कोणालाच आठवत नाही.) सगळे त्याच घड्याळावर उठतात. आई सहाला अंघोळीला गेल्या, तेव्हा खरे पाच पंचवीस झाले होते. पाणी तापायला सुरुवात व्हायलाच अजून पाच मिनिटं होती. आईंचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. तिथल्या काकांनी वर येऊन कोण पडलं ते विचारलं.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, हा डबा पाणी तापवतो की माझं डोकं?"

संध्याकाळी मी टायमर पस्तीस मिनिटं पुढे केला. हिशेब चोख होता. पण या घराची एक रीत आहे: कुठे काही उशिरा झालं की घड्याळ पुढे करायचं. पाणी उशिरा तापतं हे आईंनी पाहिलं होतं. त्यांनी कोणाला न सांगता हॉलमधलं घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पाणी. मी पुन्हा टायमर पुढे केला. त्यांनी पुन्हा घड्याळ. असे आम्ही दोघं भविष्यकाळात निघालो, त्या पुढे, मी मागे. मला मात्र वाटत होतं की दिवस लहान होत चालले आहेत. हल्ली फारच उशिरा उजाडतं, असं मी चहा पिताना म्हणालोसुद्धा. "हवामान बिघडलंय," तुमची बहीण म्हणाली.

आज ऑफिसात पोचलो तर फाटकाशी पहारेकरी दात घासत होता. मला पाहून त्याने ब्रश काढला आणि विचारलं, "साहेब, रात्रभर आतच होता का?" फोनमध्ये वेळ पाहिली, तर आमचं हॉलमधलं घड्याळ पावणेदोन तास पुढे गेलेलं. तिथे उलगडा झाला.

घरी येऊन आईंना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, तीन गार अंघोळी झाल्या त्या झाल्या, आता मी मुलाकडे जाते. त्यांना जायचं तर जाऊ दे. मी अडवणारा कोण? मुलाकडे आईने जावं, यात गैर काही नाही. टायमर आता काढूनच टाकतो, म्हणून स्टुलावर चढलो आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. हे पत्र आईंच्याच पिशवीत, शालीच्या घडीत ठेवत आहे.

ता. क. २. टायमर निघत नाही. स्क्रूचे आटे गेले. झाकण परत लावून मेन स्विच चालू केला.

ता. क. ३. दादा, आठ दिवसांत त्यांना परत पाठवा. घराचं रंगकाम काढलंय म्हणा, काहीही म्हणा. रोज रात्री जेवणानंतर आम्ही पत्ते खेळतो. त्या लबाडी करतात, मी पाहिलं नाही असं दाखवतो. तुमच्या बहिणीला पत्ते आवडत नाहीत.

ता. क. ४. रविवार सकाळ. हॉलमधलं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून कोणीच उठलं नाही. जाग आली तेव्हा खरे साडेसात वाजले होते आणि बस गेली होती. पाणी गरम होतं. अंघोळ झाल्यावर आईंनी पिशवी उघडली, हे पत्र काढून माझ्या हातात दिलं (पाकीट फोडलेलं होतं) आणि पत्त्यांची डबी उघडली. पत्त्यांबरोबर घड्याळाचा सेल बाहेर पडला. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि पत्ते पिसायला घेतले. पत्र पोस्टाने पाठवत आहे.