पहिल्या ग्लासाचा मुहूर्त

बाबा, परवा आमच्या ऑफिसात नशामुक्तीवर भाषण झालं. नव्या रायपुरातलं मोठं ऑफिस, एसीत अर्धे लोक पेंगत होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की दारू आधी माणसाची भीती घालवते, मग सारासार विचार, अन् सकाळी तीच भीती दुप्पट करून परत देते. मले हसूच आलं. हे तर आई जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, आपल्या घरी भाजी चिरता चिरता सांगायची. मुहूर्त काढायला तिले पंचांग लागत नव्हतं. पहिला ग्लास संपत आला की तुम्ही मऊ व्हायचे, तेव्हा काय ते मागून घ्या. दुसऱ्यात साहेबाच्या नावानं बोटं मोडायचे, तिसऱ्यात तुमच्यापुढे जायची कोणाची छाती नव्हती. माझी सायकल, कॉलेजची सहल, आईचं माहेरी जाणं, सगळं त्या अर्ध्या तासात मंजूर झालं. सकाळी तुम्हाले आठवायचंही नाही, पण एकदा हव म्हटलं तर तुम्ही शब्द कधी फिरवला नाही.

राज्य वेगळं झालं तेव्हा तुमच्या ऑफिसात फारम आला, पुढच्या नोकरीले भोपाळ पाहिजे का रायपूर ते लिहून द्या म्हणून. तुम्हाले भोपाळ पाहिजे होतं. तिथं मोठी आत्या होती, अन् तिच्या धाकात तुम्ही लहानपणापासून होते. चप्पल न काढताच तुम्ही दारात बसले अन् आईले म्हणाले, "तिथं ताई हाय, ते माहा हात धरन. इथं राहिलो तं मी काही सुटत नाही." फारम भरेपर्यंत बाटलीले हात लावणार नाही, हे शुद्धीतच ठरवायचं, असंही म्हणाले. नऊ दिवस पाळलं. जेवण जात नव्हतं, घाम सुटायचा, आईवर उगीच खेकसायचे अन् मग तिचीच माफी मागायचे. तरी पाळलं. इतके भ्यालेले अन् इतके शहाणे तुम्ही मले पुन्हा कधी दिसले नाही.

अन् मी एकोणीस वर्षांची पोट्टी. कॉलेज इथं, मैत्रिणी इथं, राजधानी झाली की नोकऱ्याच नोकऱ्या निघतील असं जो तो म्हणत होता. त्या संध्याकाळी आई देवळात गेली होती. तुम्ही फारम समोर घेऊन बसले आहात, पेनाचं टोपण काढता, लावता. मी म्हटलं, बाबा, रायपूरच लिहा न. तुम्ही म्हणाले, "नाही बेटा, या खेपेले नाही."

सकाळी फारमावर रायपूर लिहिलेलं होतं, खाली तुमची सही. तुम्ही तो हातात धरून बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे पाहिलं, घडी घातली अन् जमा करून आले. त्यानंतर एक दिवस कोरडा गेला नाही. सहा वर्षांनी तुम्ही गेले. लोक म्हणाले, दारूनं नेलं. आई मात्र शेवटपर्यंत एकच विचारत राहिली, "नऊ दिवस राहिले, मंग काहून घेतली असन?" मी म्हणायची, टेन्शन असेल.

आता तीही नाही, अन् हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या संध्याकाळी आईनं तांदळाच्या कोठीत लपवलेली बाटली मी काढली. ग्लास मी भरला, सोबत पापड भाजून दिला. तुम्ही आधी मान फिरवली. मी ग्लास उचलला नाही, तिथंच ठेवला. अर्ध्या तासानं सही करून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, माही पोट्टी लय समजदार हाय.

मले तेव्हा फार आनंद झाला होता, बाबा.