माडाखालचा खड्डा

५ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी नात चि. स्वातीचे पाणी जाऊ लागले. सातवा महिना नुकताच लागला आहे. नातजावई नितीन मांडव्यास मुंबईच्या बोटीवर कामाला गेलेला. मी व सौ. रिक्षा करून तिला चौलहून अलिबागच्या रुग्णालयात घेऊन आलो. मागच्या वर्षीही असेच झाले होते.
डॉ. बाई तरुण आहेत. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिले. मूल जितके आत राहील तितके बरे, असे म्हणाल्या. स्वातीस आईबाप नाहीत, पालक मीच, हे मी त्यांना दोनदा सांगितले.

६ फेब्रुवारी, मंगळवार
घरी येऊन स्नान केले आणि वाडीत कोपऱ्यातील माडाच्या मुळाशी खड्डा खणला. आमच्या घराण्यात प्रत्येक मुलाची, बाळंतपणात पडलेली वार वाडीतच पुरली जाते. माझी स्वतःची विहिरीजवळच्या माडाखाली आहे. मागच्या वर्षीचे मूल श्वास न घेताच गेले. त्याची वार व ते स्वतः, दोन्ही विहिरीजवळच्या त्या माडाच्या शेजारच्या माडाखाली. यंदा ऐन वेळी धावपळ नको, एवढाच हेतू.
सौ. पाहून भडकली. "सातव्यातच खड्डा? काय वो, अक्कल काय वाडीत चरायला सोडली?"
कुदळ धुऊन ठेवली. मात्र खड्डा अंमळ खोल झाला आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार
स्वा. पडूनच आहे. म्हणाली, "आप्पा, सुकत घातलेल्या मासळीगत एकाच अंगानं वाळलेय. मला कुणीतरी उलटा." हसली. मला हसता आले नाही.
डॉ. बाईंनी खुर्ची देऊन समजावले. पिशवीच्या आवरणास सूज आहे. रक्तातील सुजेचा आकडा चढत आहे. जंतू मात्र तपासणीत सापडलेला नाही. "अंगात एक जन्मजात पहारा असतो, आजोबा. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तो जागा झालाय. चोर दिसत नाही, पण राखणदार घरातच काठ्या फिरवतायत."
मी म्हटले, मग राखणदारांना आवरणारे औषध द्यावे.
"तेच अजून नीट सापडलेलं नाही. त्याचाच अभ्यास चाललाय." मुंबईचे संशोधक अशा बाळंतिणींच्या वारेची तपासणी करीत आहेत. स्वा.ची वार त्यांना हवी आहे.
मी स्पष्ट नकार दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्हाला नाही, स्वातीला विचारायचंय."
या वयात अशा प्रकारे कोणी मला...

९ फेब्रुवारी, शुक्रवार
स्वा. 'हो' म्हणाली. मला न विचारता. घराण्याची रीत आहे, असे मी म्हटले. तिने भिंतीकडे तोंड केले.
"मागच्या वेळचं का गेलं, ते कुणाला सांगता आलं न्हाय, आप्पा. तुमच्या मातीनं सांगितलं काय तुम्हाला?"
बाहेर बाकावर बसून राहिलो. सौ. चहा घेऊन आली. "चौथी पास हाय तुम्ही. डाक्टरीणबाईला नि पोरीला, दोघींना शाळा शिकवू नका. प्या."
चहा घेतला नाही. रीत मोडल्याने मूल... हे वाक्य पूर्ण लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
स्वा.स हुडहुडी भरून ताप. मुलाचे ठोके फार जलद. डॉ. बाई म्हणाल्या, आता थांबणे दोघींच्या जिवावर बेतेल... नव्हे, 'दोघांच्या' म्हणाल्या. मुलगी आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. शस्त्रक्रिया ठरली.
मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो. टोपी काढून हातात घेतली. म्हटले, "वार न्या. मी हरकत मागे घेतो. पण मूल वाचवा."
त्या थांबल्या. "आजोबा, त्याचा याच्याशी संबंध नाही. वार दिली नसती तरी मी एवढंच केलं असतं. त्या अभ्यासाचा आज स्वातीला उपयोगही नाही. पुढे कधी दुसऱ्या कुणाला होईल."
माझ्याजवळ देण्यासारखे तेवढेच होते. तेही माझे नव्हते.
मुलगी झाली. रडली नाही. नळी घालून यंत्रावर ठेवली आहे. काचेतून पाहिली. माझ्या तळहातावर मावेल.

१२ फेब्रुवारी, सोमवार
नितीन एकच फेरी करून परतला. वार बर्फाच्या डब्यातून त्याच्याच बोटीने मुंबईस गेली. "रुग्णालयाचा माणूस होता संगतीला, आप्पा. पण डबा मी माझ्या पायाशी ठेवला. कुणाची लाथ लागू दिली न्हाय." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. यापूर्वी कधी ठेवला नव्हता.
सौ.ला विचारले, जन्माचे सोयर धरावे काय? मूल असे असताना...
"जन्मली हाय ती," सौ. म्हणाली. "धरा."
धरले.

१४ फेब्रुवारी, बुधवार
स्वा.चा ताप उतरला. मूल यंत्रावरच. तीच सूज तिच्याही फुप्फुसांत आहे, असे मुलांचे डॉक्टर म्हणाले. त्यापुढे काही विचारले की ते काचेकडे पाहतात.
स्वा.ने हात धरला. "आप्पा, नाव सांगा."
"बारशाला सांगेन."
"बारशाला नको. आत्ता सांगा."
तिची उशी नीट केली व उठलो.
दुपारी घरी आलो. खड्डा उघडाच होता. वार येणार नाही. वाडीतून जाताना तिकडे पाहायचे नाही असे ठरवले होते, तरी पाहिले. तो तळहाताएवढ्या जिवाला पुरेल, हे डोळ्यांना कळले. मी माती ओढली, पायाने दाबली, वर झावळी टाकली.
फावडे व कुदळ शेजाऱ्याकडे देऊन आलो. "आप्पा, परत कधी आणून देऊ?" त्याने विचारले. नको म्हणालो.