बुजवलेली भोके

पवनी, मार्गशीर्ष

चि. सौ. करुणा हिला घनश्यामभाऊजींचे आशीर्वाद.

तुझे कान कसे आहेत? थंडी पडली की तुझ्या कानांची काळजी तुझी विमलाताई करायची, आता ते काम माझ्याकडे आले आहे. गोंदियाची मंडळी बरी असतील. (गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा, आमची करुणा घर न हलवता परजिल्ह्यात गेली, असे विमला सगळ्यांना सांगत फिरली होती.) इकडे सर्व क्षेम, असे लिहायची सवय आहे, पण तुझी ताई गेल्यापासून ते वाक्य हातून उतरत नाही. प्रकृती ठीक आहे, गुडघे सोडून.

तर तुझ्या स्कार्फविषयी. ताईने तुझ्यासाठी निळ्या लोकरीचा तिकोनी स्कार्फ विणायला घेतला होता, तो दुखण्यात अर्धा राहिला. दिवाळीच्या सफाईत सुईसकट सापडला. पाहतो तर भोकेच भोके. मी शाळेत कारकुनी केली तरी जन्म कोष्ट्याचा. मागावरून उतरलेल्या कापडात भोक निघाले की आमचे बाबा जेवायला उठत नसत. मला वाटले, आजारपणात बिचारीचे टाके सुटत गेले आणि तिने मला कळू दिले नाही. फार वाईट वाटले. कोणी तिला नाव ठेवू नये म्हणून त्याच लोकरीने एकेक भोक रफू केले, अगदी बाबांनी शिकवले तसे. काम इतके साधले की शेजारच्या उषाबाईंना मुद्दाम बोलावून दाखवले.

उषाबाईंनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "भाऊ, हे काहून बुजवले जी? वहिनीनं हौसेनं जाळी पाडली होती." सुईवर लोकरीचा एक वेढा जादा घेतला की तिथे भोक पडते, आणि कडेच्या अशा भोकांनीच स्कार्फ रुंदावत जातो, हे मला या वयात कळले. सगळे रफू उसवून काढले. (उसवायला विणण्याहून जास्त वेळ लागतो, हे कोष्ट्याच्या पोराला तरी ठाऊक असायला हवे होते.)

मग म्हटले, उरलेला आपणच पुरा करू. आधी वेगळ्या लोकरीवर सराव केला. ओसरीवर बसलो होतो तर माझा दोस्त तेजराम रस्त्यावरूनच ओरडला, "काय गा घनश्याम, पेन्शन बंद झाली काय?" माझा तिकोन दोडक्यासारखा लांबला. भोके हवी तिथे पडली नाहीत, नको तिथे पडली. तेजरामला वाटले मी बैलाच्या तोंडाला बांधायचे मुस्के विणून राहिलो. तुझी ताई विणायची तेव्हा किती सोपे वाटायचे. टाके मोजताना मी चहाचे विचारले तर नुसते "सत्तावीस" म्हणायची, म्हणजे मी गप्प बसावे. मी बसायचोही.

असो, मी हरलो. तेजराम पुतणीच्या लग्नाला तुमच्या गोंदियाला निघाला आहे. त्याच्यासोबत स्कार्फ, सुया आणि उरलेली लोकर पाठवतो. तू ताईजवळच शिकलीस, तुझा हात तिच्यासारखाच आहे. पुरा कर आणि कान बांध.

तुझा,
घनश्यामभाऊजी

ता. क. पिशवीत नुसती लोकर निघेल, घाबरू नकोस, तेजरामने काही हरवले नाही. तो चहा पीत होता तेवढ्यात मी स्कार्फ सुयांसकट परत काढून घेतला. तिच्या हाताचे टाके अजून सुईवर आहेत. गाडीच्या गर्दीत सुई निसटली तर?

पुन्हा ता. क. म्हणजे आता लोकर तुझ्याकडे आणि स्कार्फ माझ्याकडे. दोघांपैकी एकाला यावे लागेल, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. आलीस की ओसरीवर बसून विण. टाके मोठ्याने मोज. मी मधे बोलणार नाही.