फाटकाबाहेरचा घास

सोम. ३ नोव्हें.
आज पण ताट तसंच परत. बटाटा मऊ करून दिला, ग्रेव्ही वेगळी, वर पुडिंग. जॉन म्हातारा हात लावत नाही. शनिवारी या नर्सिंग होमात आला तेव्हापासून हेच. फाटकाबाहेर बसस्टॉपवर जाऊन खिशातली बिस्किटं खातो म्हणे. म्हणजे बिस्किटं चालतात, माझ्या हातचं नको. इथं परदेशात स्वयंपाकाला येण्याआधी मिरजेत खानावळ चालवली मी, एक ताट परत आलं नाही कधी. नर्स म्हणते, ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, जेवेल हळूहळू. इथं सगळंच ग्रँड.

मंगळ. ४
ताट घेऊन स्वतःच गेले. म्हटलं, आजोबा, माझ्या हाताला विष लागलंय का? हसला. म्हणाला, बाई, तुझ्या किचनचा वास आला की पोटात खड्डा पडतो. म्हटलं, मग जेवा की. तर नाही. फाटकाबाहेर चल, म्हणाला.
बाकावर बसला, ताट मांडीवर. सगळं खाल्लं. ग्रेव्ही पावानं पुसून. मग बोलला.
ही इमारत पूर्वी सुधारशाळा. इंग्रजांच्या राणीच्या वेळी चोरी केलेली पोरं इथं कोंडायचे. याचा आजा त्यात. पोरगाच होता, दुसऱ्याच्या शेतातले सलगम उपटले म्हणून पाच वर्षं. थंडीत अनवाणी दगड फोडायचे. जेवताना बोललं की ताट काढून घ्यायचे. सुटला तेव्हा फाटकात उभा राहून म्हणाला, या फाटकाच्या आत माझ्या रक्ताचं कुणी घास गिळणार नाही.
आणि पोरीनं बापाला नेमकं इथंच आणून ठेवलं. तिला ठाऊकच नाही. लाजेपायी घरात कुणी बोललंच नाही कधी.

बुध. ५
आमच्या आईनं मामाच्या दारचं पाणी सोडलं होतं. मामा गेला तेव्हा बाहेर पायरीवर बसून रडली, घोटभर घेतलं नाही. मला हे कुणी समजवायला नको. पण राग येतो. मेलेल्याचा शब्द, आणि जित्याच्या बरगड्या.
दुपारी ताट घेऊन दोघं निघालो तर मॅनेजरीण आडवी. म्हणे, रस्त्यात घसरून पडले म्हणजे? इन्शुरन्स कोण देणार? आता फाटक बंद. तिला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. मी तोंड उघडणार, तर यानं माझा हात घट्ट दाबला.

गुरु. ६
बिस्किटं पण बंद. पाणी गोळीपुरतं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालायची, की परत इथंच. मला हळूच विचारतो, नळीतून गेलं तर तो घास धरायचा का? थट्टा करत होता. मला हसू आलं नाही.
पोरगी, नोरा, शनिवारी कॉर्क शहरातून येणार. म्हटलं, सांगून टाका तिला, दुसरीकडं नेईल, घरी नेईल. तर म्हणे, माझ्या आजाला चोर म्हणेल ती. म्हटलं, सलगम नेले त्यानं, बँक नाही. भिंतीकडं तोंड करून पडला. नोराला कळता कामा नये, असा शब्द मागतो माझ्याकडं. मी दिला नाही. या घरात शब्द पाळणारे पुष्कळ झाले, जेवणारं कोण?
निघताना परत खाटेपाशी गेले. झोपेचं सोंग होतं, कळत होतं मला. साफ सांगितलं.
“आजोबा, उद्या माझी ड्युटी सुटायच्या आत उत्तर पाहिजे. नोराला तुम्ही सांगता, का मी सांगू?”