सहाव्या मजल्यावरच्या चिवट शांताबाई

प्रिय मधू,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस आणि हे मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून सरळ कागद घेतला. मुलुंडात आम्ही बरे आहोत. शाळेचे पेपर तपासून झाले. आईचं बीपी आटोक्यात आहे. लिफ्ट अजून बंद आहे.

तुझं सगळं वाचते गं मी. पेपरात मैत्रिणीचं नाव येतं याचा मला माजच आहे. पण एक सांगू? या वर्षभरात तुझ्याकडे शेवटचा फलंदाज चिवट होता, कचऱ्याच्या ढिगातली आग चिवट होती, खाडीतली जलपर्णी, पावसाळ्यानंतरचा खोकला आणि बावीस वर्षं खटला लढवणारे ते वकीलही. एकच मसाला सगळ्या भाज्यांना! कॉलेजच्या भित्तिपत्रकातही तू हेच करायचीस.

पाच वर्षांपूर्वी तू आईवर ‘चिवट शांताबाईंची लिफ्टसाठी लढाई’ छापलंस. आईने ते कात्रण फ्रेम करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. खरं सांगते, मलाही तेव्हा भरून आलं होतं. पण त्याआधी तिच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात सहाजण जायचे. बातमी आल्यावर सगळे निवांत घरी बसले. शांताबाई आहेत ना, चिवट आहेत, त्या बघतील. काशीरामकाकांनी पाण्याचा अर्जही तिच्याच हातात दिला, चौथ्या मजल्यावरच्या माधुरीने गटाराचा. आई कोणालाच नाही म्हणाली नाही. पेपरात आलेल्या बाईने नाही कसं म्हणायचं?

आता ती त्र्याहत्तरची आहे. गुडघे पार गेलेत. जिना उतरताना एकेका पायरीवर बसत उतरते आणि कोणी दिसलं की उठून उभी राहते. बदलापूरला भीमराजदादाचं घर तळमजल्यावर आहे. लांब आहे, पण दगडापेक्षा वीट मऊ. गेल्या महिन्यात ती स्वतःहून तयार झाली, साड्यांची बॅगही भरली. मग तुझा फोन आला, की रविवारी फोटोग्राफर घेऊन येतेस, ‘लढ्याची पाच वर्षं’ करायचंय. त्या दुपारी तिने बॅग रिकामी करून साड्या पुन्हा कपाटात लावल्या.

मी रागावले, दादा रागावला, पण ती ऐकेना. काल हळूच मला विचारलं, मधूला वाईट वाटेल का गं, तिने एवढं लिहिलंय. म्हणून हे पत्र. रविवारी ये, पण एकटी ये, वही आणू नकोस. वॉर्डात यापुढे मी जाईन, माझं नाव छापायची गरज नाही. तू फक्त तिच्याजवळ बस आणि विचार, मावशी, दमलात का? पाच वर्षांत तिला हे कोणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

तुझीच,
दर्शना