सोमवारपर्यंत उशीर होईल

प्रिय बाबा,

तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे, म्हणजे आपलं काय होऊन बसलंय ते तुम्हीच बघा. सात आठवडे एका घरात राहून आपण चहा झाला का, दार लावलं का, एवढंच बोलतो आहोत.

मी शिकायला परदेशी निघाले तेव्हाची ती निळी फाइल आठवते? हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली लावल्यात, पण अशी एकही लावली नसेल. पासपोर्टच्या चार झेरॉक्स, प्रवेशाचं पत्र, विम्याचा कागद, प्रत्येकावर चिठ्ठी. ‘माझ्या लग्नातसुद्धा एवढी तयारी नव्हती,’ असं म्हणून ताई चिडवायची. आणि सगळ्यात वर, लाल शाईत, तुमचं अक्षर: प्रवेशाच्या पत्रावर कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची सही ताजी असल्याशिवाय तो देश सोडू नये. सही वर्षभरच चालते, ती नसेल तर परतीचा व्हिसा अडतो, हे कॉलेजने मला सांगायच्या आधी तुम्ही शोधून काढलं होतं. मैत्रिणींना मी ते पान कौतुकाने दाखवायचे.

मग तो शुक्रवार. लॅबमधून निघत होते, तुमचा फोन आला. आईला दवाखान्यात नेलंय, डॉक्टर धड काही सांगत नाहीत, लगेच निघ. त्या गडबडीतही तुम्ही विचारलंत, सही कधीची आहे. मी म्हटलं, गेल्या महिन्यात संपली, कार्यालय आता सोमवारी उघडेल, सही घेऊन दुपारचंच विमान पकडते. तुम्ही म्हणालात, सोमवारपर्यंत उशीर होईल. त्याचा अर्थ मी आई जाते आहे असा घेतला, बाबा. दोन विमानं बदलून, अन्नाचा कण पोटात न ढकलता घरी पोचले, तर दार आईनेच उघडलं. मला बघून हरखली आणि माझा चेहरा बघून घाबरली. तिला तुम्ही सांगितलं होतं की मी सुट्टीला येते आहे. दवाखान्यात नेलं होतं हे मात्र खरं. गुडघा दाखवायला.

रागावले, पण दोन दिवसांत निवळलेही. घर रिकामं झालं, मुलीची आठवण आली, मारली थाप, अशी मी स्वतःची समजूत घातली. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी सही नाही म्हणून फाइल परत केली, तेव्हाही दोष माझ्याच धांदरटपणाला दिला. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही दचकलासुद्धा नाहीत. एरवी दहा प्रश्न विचारणारे तुम्ही, एक प्रश्न नाही. पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, इथे काय वाईट आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सही संपली आहे का, याची तुम्ही फोनवर खात्री करून घेतली होतीत, आणि म्हणूनच मला सोमवारपर्यंत थांबू दिलं नाहीत. आदल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, पुढची चार वर्षं तिथेच शिकेन, आणि तुम्ही छान म्हणाला होतात. नको म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत. फार लागलंय मला.

कॉलेजने सही केलेला नवा कागद पाठवला, काल व्हिसा लागून पासपोर्ट हातात आला. लॅबमधली जागा गेली, प्रवेश वाचला. आज दुपारी निघते आहे. आईला माहीत आहे. तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर होत नाही, कारण तुम्ही पुन्हा काहीतरी सांगाल आणि मी पुन्हा खरं मानेन. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. आईचं वय होत चाललं आहे. कधीतरी असा फोन खरोखरच करावा लागेल. तो तुम्ही करू नका, ताईला करायला सांगा. तुम्ही केलात, तर तुम्ही रडत असलात तरी माझा विश्वास बसणार नाही.

तुमचीच,
बारकी